नाशिकमधलं समुपदेशन, 17 सेशन, 9 महिने: माझा अनुभव

आधीच सांगते, या रिव्ह्यूत सेंटरचं नाव नाहीये. शेवटच्या सेशनला मी माझ्या समुपदेशक मॅडमना विचारलं होतं की गुगलवर तुमच्यासाठी पाच स्टार टाकू का, मनापासून टाकायचे होते, तर त्या म्हणाल्या तुमच्या मनात आलं हे ऐकून बरं वाटलं, पण आम्ही क्लायंटकडून रिव्ह्यू घेत नाही, आणि तुम्ही टाकलात तर तिथे तुमचं नाव दिसणार, तुम्ही इथे येत होतात हे सगळ्यांना कळणार, ते तुम्हाला चालेल का ते घरी जाऊन शांतपणे बघा. मी बघितलं. नाही चालणार. मी पतसंस्थेत कॅशला बसते, समोर रोज शंभर दीडशे माणसं येतात, सगळी ओळखीची. नंतर वाचलं की अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची जी आचारसंहिता आहे 2014 ची, तिच्यातसुद्धा क्लायंटकडे असे अभिप्राय मागायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलंय, कारण समोरचा माणूस आधीच नाजूक अवस्थेत असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून हा रिव्ह्यू नाव न घेता त्या सेवेचा समजा. चांगलं समुपदेशन आतून कसं असतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझे चार महिने आणि पाच हजार रुपये वाचले असते, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

माझं थोडक्यात. आईला डिमेन्शिया होता. चार वर्षं ती माझ्याकडे सिडकोत होती, दादा पुण्याला, तो पैसे पाठवायचा आणि महिन्यातून एकदा येऊन जायचा. बाबा 2009 लाच गेले, पण शेवटच्या वर्षी आईला ते आठवायचंच नाही, दिवेलागणीला दाराशी खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, बाबा आले का गं. मी म्हणायचे येतील. 2023 चा मार्च एंड चालू होता, कॅश टॅली होत नव्हती म्हणून साडेआठला घरी पोचले, कुकर लावला, आणि तिने अकराव्यांदा की बाराव्यांदा तेच विचारलं आणि मी हातातला डाव ओट्यावर आपटला आणि ओरडले, मेले बाबा, चौदा वर्षं झाली, मेले ते. तिचा चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा झाला. तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं ना. रात्रभर रडली, सकाळी विसरली. मी नाही विसरले. ऑक्टोबरमध्ये आई गेली आणि त्यानंतर मला रोज पहाटे सव्वातीनला जाग यायला लागली, सात किलो वजन उतरलं, नोटा मोजताना दोनदा चुकले, वीस वर्षांत कधी चुकले नव्हते.

नवरा म्हणाला कोणाशी तरी बोल, डॉक्टरला दाखव. तेव्हा ओळखीतून एक समुपदेशक मिळाल्या, नणंदेच्या माहितीतल्या. नाव घेत नाही. 10 सेशनचं पॅकेज होतं, 5,000 रुपये आगाऊ. भिंतीवर सर्टिफिकेटं लावलेली, मी काय बघितली नाहीत कसली आहेत ती, फ्रेम केलेली होती तेवढं पुरे वाटलं मला. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं बोलले असेन, मग पुढची चाळीस मिनिटं त्याच बोलल्या. आईच्या नावाने अन्नदान करा, मुलीत मन रमवा, तुम्ही फार विचार करता, माझी सासू पण अशीच होती, सकाळी अनुलोमविलोम करा. अनुलोमविलोम वाईट आहे असं म्हणत नाहीये मी. पण मला जे सांगायचं होतं ते सांगून व्हायच्या आधीच उपाय सुरू झाला होता. तिसऱ्या वेळी मी डावाचं सांगितलं, जे नवऱ्याला पण सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी नणंदेचा फोन आला, आणि ती अगदी प्रेमाने म्हणाली, वहिनी, त्या डावाचं एवढं मनाला लावून घेऊ नका हो. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. परत तिकडे गेले नाही, उरलेल्या सात सेशनचे पैसे मागायची पण इच्छा झाली नाही.

या गोष्टीवर मी नंतर खूप विचार केला. आपल्याकडे या कामाला शब्दच समुपदेशन असा आहे, त्यात उपदेश बसलेलाच आहे, त्यामुळे देणाऱ्यालाही वाटतं की आपण उपदेश द्यायचा आणि घेणाऱ्यालाही वाटतं की आपल्याला तो मिळणार. माझी पण तीच अपेक्षा होती खरं तर. उपदेश करायला आपल्याकडे माणसांची कमी नाही, मावशी आहे, शेजारच्या काकू आहेत, व्हॉट्सॅपवर रोज सकाळी येतोच. पैसे देऊन जे मिळायला हवं ते वेगळं आहे आणि ते काय हे मला दुसऱ्या ठिकाणी कळलं.

दुसरं ठिकाण कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, खाली मेडिकल आणि वर पहिल्या मजल्यावर सेंटर. लिफ्ट नाही, जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा. पार्किंग नाही, टू व्हीलर गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते. हे सापडलं आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून. फोन केला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने फक्त नाव, नंबर आणि सकाळ चालेल की संध्याकाळ एवढंच विचारलं, प्रॉब्लेम काय आहे हे विचारलंच नाही, मीच सांगायला लागले तर म्हणाली ते मॅडमशी बोला, मला सांगायची गरज नाही. मला तिथेच बरं वाटलं. पण अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्यावर शेवटी बोलते.

पहिलं सेशन सव्वा तासाचं, 1,500 रुपये. नंतरची 50 मिनिटांची, 1,200 रुपये. खोली साधी, दोन खुर्च्या समोरासमोर नाही तर जरा तिरक्या लावलेल्या, म्हणजे नजर चुकवायची असेल तर खिडकीकडे बघता येतं. टिपॉयवर टिश्यूचा बॉक्स, पाण्याचा तांब्या भांडं, आणि एक छोटं घड्याळ असं ठेवलेलं की दोघींनाही दिसेल. मॅडमनी पहिलं काय विचारलं तर, तुम्हाला काय हाक मारू. मला दिवसभर लोक मॅडम किंवा ताई म्हणतात, घरी आई, वहिनी, मामी, मला दोन मिनिटं सुचलंच नाही. मग म्हटलं नुसत्या नावाने बोला.

मग त्यांनी एक दोन पानी कागद काढला, मराठीत, आणि माझ्याकडे सही करा म्हणून सरकवला नाही, माझ्याबरोबर वाचला. त्यात त्यांचं शिक्षण काय, कुठल्या पद्धतीने काम करतात, फी किती, 24 तास आधी कळवून रद्द केलं तर पैसे नाहीत, नंतर रद्द केलं तर अर्धे, मी केव्हाही थांबवू शकते आणि थांबवायला कारण द्यायची गरज नाही, हे सगळं. आणि गुप्ततेचं. इथे त्या मुद्दाम हळू बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही इथे बोललेलं इथेच राहील, पण चार अपवाद आहेत ते आधीच माहीत असू दे. तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका वाटला तर, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर, कारण 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारकच आहे, आणि कोर्टाने आदेश दिला तर. आणि तेव्हाही शक्य असेल तर आधी तुम्हाला सांगून. मी नणंदेच्या फोनचं सांगितलं. त्यांनी त्या दुसऱ्या बाईंना नावं ठेवली नाहीत, एवढंच म्हणाल्या की तसं झाल्यावर परत कोणासमोर बसायला तुम्हाला जड गेलं असणार, तुम्ही वाटेल तेवढा वेळ घ्या, डावाचं, जे काय आहे ते, आज सांगायलाच हवं असं नाही.

गुप्तता कागदावर लिहिलेली असणं वेगळं आणि पाळणं वेगळं, तर ते पाळलेलं मी बघितलंय. दादाला कुठूनतरी कळलं की मी कुठे तरी जाते, त्याने नंबर शोधून सेंटरला फोन केला, भाऊ आहे म्हणाला, काळजीने विचारतोय म्हणाला, आणि तो खरंच काळजीनेच विचारत होता. रिसेप्शनच्या त्या मुलीने सांगितलं, इथे कोण येतं कोण नाही हे आम्ही कोणालाच सांगत नाही सर. दादा चिडला, मला फोन करून म्हणाला तुझ्या त्या क्लिनिकवाल्यांना मॅनर्स नाहीत. मी मात्र त्या रात्री पाच तास झोपले. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे हे पण मला तिथेच कळलं.

आता ध्येय. त्यांनी विचारलं, सहा महिन्यांनी तुमच्या आयुष्यात काय वेगळं झालेलं तुम्हाला हवंय. मी पटकन म्हटलं आई परत हवी. त्या गप्प राहिल्या. मी रडले. मग त्या म्हणाल्या ते मी लिहून ठेवते, आणि खरंच लिहिलं, सगळ्यात वर, आणि मग विचारलं की अजून काय, जे तुमच्या आमच्या हातात थोडंफार आहे. तर झालं असं की पाच वाजेपर्यंत झोप, आईच्या खोलीत जाता यावं, ती खुर्ची हलवता यावी किंवा ठेवता यावी पण तिच्याकडे बघता यावं, दादाशी पैशाव्यतिरिक्त काही बोलता यावं, आणि नोटा मोजताना चुकू नये. सगळं माझ्या शब्दांत. त्यांनी त्यात तणाव व्यवस्थापन वगैरे शब्द घातले नाहीत. मी नंतर एका ओळखीच्या मुलीचं एमएचं पुस्तक चाळलं तर त्यात समुपदेशनाची ध्येयं दिली होती, वर्तनात बदल, नाती सुधारणं, अडचणींना तोंड द्यायची ताकद, निर्णय घेता येणं, आणि माणसाच्या क्षमता फुलणं, आणि मी बघतच राहिले कारण माझ्या त्या यादीत यातलं जवळजवळ सगळं होतं, फक्त खुर्ची आणि नोटांच्या रूपात.

पहिली तीन चार सेशनं मला राग यायचा. त्या फार कमी बोलायच्या. मी एकदा म्हटलं पण, मॅडम तुम्ही काही सांगतच नाही. तर त्यांनी समजावून सांगितलं, आणि हे मला फार पटलं म्हणून लिहिते. कार्ल रॉजर्स म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1957 साली एक लेख लिहिला, त्यात माणूस बदलायला काय लागतं याच्या अटी मांडल्या आणि त्यातल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या आहेत. समोरच्याच्या जागी उभं राहून त्याला कसं वाटत असेल ते समजून घेणं, त्याला कुठलीही अट न घालता स्वीकारणं, आणि स्वतः खरं असणं, मुखवटा न लावणं. समजून घेणं म्हणजे कीव करणं नाही हे त्या दोनतीनदा म्हणाल्या. मी म्हटलं मी ओरडले ते पण स्वीकारणार का तुम्ही. त्या म्हणाल्या ओरडलेल्या तुम्हाला स्वीकारते, ओरडणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते खोटं वाटेल. सगळ्यांनी मला आत्तापर्यंत तुझं काही चुकलं नाही असंच सांगितलं होतं आणि त्याने माझं काडीचं समाधान होत नव्हतं कारण मला माहीत होतं की चुकलं होतं. ते चुकलंय हे तसंच राहू देऊन माझ्याबरोबर बसणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

पाचव्या सेशनपासून दोनशे पानी वही. पानाचे तीन भाग करायचे, काय झालं, तेव्हा मनात काय वाक्य आलं, त्याचा परिणाम काय झाला. ही अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत, 1955 च्या सुमाराची, आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी किती वर्षं मांडली, ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने पण, तर मराठीत यावर भरपूर साहित्य आहे, इंग्रजीची भीती बाळगायचं कारण नाही. माझं पहिलं पान असं होतं. काय झालं, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकली. मनात काय आलं, मी वाईट मुलगी आहे. परिणाम, छातीत धडधड, जेवले नाही. मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, मी एकदा आईवर ओरडले आणि मी वाईट मुलगी आहे, ही दोन वाक्यं सारखी आहेत का. मी म्हटलं हो. मग त्या म्हणाल्या, चार वर्षांच्या किती संध्याकाळी होतात. मी कॅशियर, मी तोंडीच सांगितलं, 1,460. म्हणाल्या, त्या 1,460 संध्याकाळी कोणी तिला जेवायला घातलं. आणि मग परत गप्प. मी घड्याळाकडे बघत बसले. सात मिनिटं कोणी बोललं नाही. आयुष्यभर मी जमा आणि नावे दोन्ही बाजू मांडत आले आणि आईच्या खात्यात एकच नोंद धरून बसले होते. हे त्या मला सांगू शकल्या असत्या, एका वाक्यात, पहिल्याच दिवशी, पण तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं असतं.

एक सावध करते. चौथ्या ते सहाव्या सेशनपर्यंत मला जास्तच वाईट वाटायचं. घरी येऊन कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही, नवरा म्हणाला पैसे देऊन रडून येतेस. मॅडमनी हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. सेशन शक्यतो कामाच्या मधल्या सुट्टीत घेऊ नका, त्यानंतर तासभर तरी मोकळा ठेवा.

त्याच काळात त्या म्हणाल्या की झोप आणि वजन हे माझ्या एकटीच्या कामाने लवकर भागेल असं वाटत नाही, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. तेव्हा मला फरक कळला. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे त्यातच शिकलेले डॉक्टर, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असलेले, ते चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशक बोलण्यातून काम करतात, गोळ्या देत नाहीत आणि तुमच्या चालू गोळ्या बंद करा असंही सांगत नाहीत, कोणी सांगत असेल तर उठून या. तीन नावं दिली मला, निवड तुमची म्हणाल्या, आणि डॉक्टरांशी माझ्याबद्दल बोलायला माझी लेखी परवानगी घेतली. सहा महिने एक छोटी गोळी होती, डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. मला आवडलं ते हे की त्यांना त्यांच्या कामाची हद्द माहीत होती. दादाने आईच्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्राचा कागद पाठवला तेव्हा पण तसंच. मी विचारलं सही करू का नको. त्या म्हणाल्या कायद्याचं वकिलाला विचारा, आणि करायची की नाही हे मी सांगणार नाही, पण तुम्ही सही केलीत तर पाच वर्षांनी स्वतःला काय म्हणाल आणि नाही केलीत तर काय म्हणाल हे आपण बघू. मला इतका राग आला. 1,200 रुपये देऊन हो किंवा नाही पण मिळत नाही. दोन सेशन त्यावर गेली. शेवटी मी सही केली नाही, आणि दादाला फोन करून स्वतः सांगितलं, आवाज न चढवता, आणि तो पण अर्धा मिनिट गप्प राहून म्हणाला ठीक आहे, बसून बोलू. हा निर्णय माझा होता म्हणून मी त्याच्यावर ठाम राहू शकले, मॅडमनी सांगितलं म्हणून केलं असतं तर दादाच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं.

मला वाटतं या व्यवसायाची जी तत्त्वं सांगतात, समोरच्याचा निर्णयाचा हक्क, त्याचं भलं, त्याला इजा होऊ न देणं, सगळ्यांना न्याय, दिलेला शब्द पाळणं, खरं बोलणं, ही तत्त्वं ऐकायला शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखी वाटतात, पण त्या खोलीत ती अगदी बारीक गोष्टींत दिसतात. संक्रांतीला मी तिळगूळ नेला, त्यांनी घेतला, तिथेच एक वडी खाल्ली. मुलीच्या बारावीच्या पेढ्यांबरोबर घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणाल्या, आणि कारण सांगितलं, मी तुमच्या घरी पाहुणी म्हणून आले की मग इथे तुम्ही मला घरच्यांबद्दल मोकळं बोलू शकणार नाही. त्या क्षणी मला लागलं. पण मग नणंदेच्या ओळखीच्या त्या पहिल्या बाई आठवल्या आणि समजलं की तिथे सगळं बिघडलं ते इथूनच, त्या आधीच आमच्या गोतावळ्यातल्या होत्या. न्यायाचं म्हणाल तर मंगळवार आणि शुक्रवार सकाळी कमी फीचे स्लॉट आहेत, विद्यार्थी आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, उत्पन्नाचा दाखला वगैरे मागत नाहीत. खरं बोलण्याचं म्हणाल तर एकदा मॅडमना यायला 25 मिनिटं उशीर झाला, आल्याआल्या म्हणाल्या चूक माझी आहे, ट्रॅफिकचं कारण दिलं नाही, पूर्ण वेळ दिला आणि पैसे घेतले नाहीत.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगते. बाहेर बसायला पाचच खुर्च्या आणि त्या एकमेकींना चिकटून, एकदा आमच्या पतसंस्थेचे खातेदारच शेजारी येऊन बसले, आम्ही दोघंही मोबाइलमध्ये डोकं घालून. गुप्ततेची एवढी काळजी घेतात तर दोन अपॉइंटमेंटमध्ये दहा मिनिटं अंतर ठेवायला हवं, हे मी फॉर्मवर लिहून दिलंय. पावसात एक सेशन ऑनलाइन झालं, तीनदा नेटवर्क गेलं, रडत असताना स्क्रीन अडकणं फार वाईट, शक्य असेल तर प्रत्यक्षच जा. विम्यातून एक रुपया मिळाला नाही. 2017 च्या कायद्यात शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा असं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नव्हती, त्यामुळे सगळे पैसे खिशातून. एकूण 17 सेशन, एक उशिरा रद्द केलं त्याचे अर्धे, एक फुकट झालं, बेरीज 20,100 रुपये. ही रक्कम आमच्यासारख्यांना छोटी नाही. आम्ही त्या वर्षी फिरायला गेलो नाही.

आणि कोणाकडे जायचं हे कसं ठरवायचं म्हणाल तर, काउन्सेलर अशी पाटी गल्लोगल्ली दिसते, 2021 ला केंद्राने अलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातल्या इतर व्यावसायिकांसाठीचा, कायदा केलाय पण पाटीवरून आपल्याला काही कळत नाही, त्यामुळे फोनवरच सरळ विचारा की शिक्षण कुठे झालं, किती वर्षं काम करता, तुम्ही स्वतः कोणा सीनियरच्या मार्गदर्शनाखाली आहात का. माझ्या मॅडम इतकी वर्षं काम करूनही दर महिन्याला त्यांच्या सीनियरना भेटतात, नाव न सांगता केसेसवर बोलतात, हे त्यांनी पहिल्या कागदातच लिहिलं होतं. या प्रश्नांना जो चिडेल तिथे जाऊ नका. सगळे पैसे आगाऊ मागत असतील तर नको. पहिल्या दिवशी गॅरंटी देत असतील तर नकोच नको. नात्यातल्या, सोसायटीतल्या, नवऱ्याच्या मित्राच्या बायकोकडे जाऊ नका, त्या कितीही हुशार असल्या तरी.

संपवलं कसं तेही सांगते कारण मला वाटायचं हे एकदा सुरू केलं की आयुष्यभर जावं लागतं. आठ सेशन दर आठवड्याला, मग पाच पंधरा दिवसांनी, मग चार महिन्यातून एकदा. अंतर वाढवायचं मॅडमनीच काढलं, म्हणाल्या तुम्हाला माझी गरज कमी लागावी यासाठीच तर आपण बसलो. शेवटच्या दिवशी त्यांनी पहिल्या सेशनचा तो कागद काढला. सगळ्यात वर लिहिलं होतं, आई परत हवी. त्याच्यापुढे त्यांनी काही लिहिलं नाही, मी पण नाही. बाकीच्यांपुढे मी माझ्या हाताने लिहिलं. झोप, साडेचारपर्यंत. खोलीत जाते. नोटा, सहा महिन्यांत चूक नाही. दादा, दिवाळीला आला होता, चार दिवस राहिला. खुर्ची, दाराशीच आहे, संध्याकाळी मी बसते तिच्यावर.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या तीन आठवड्यांच्या वेटिंगचा कापलाय. ते तीन आठवडे मी सव्वातीन ते सहा छताकडे बघत काढले आणि त्यातल्या दोन रात्री फार वाईट होत्या, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. अपॉइंटमेंट देताना रिसेप्शनवरून तेव्हाच सांगायला हवं होतं की तोपर्यंत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, 14416, सरकारी आहे, 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल हेल्पलाइन पण आहे. मला हे नंबर नंतर कळले. मी सेंटरला सांगितलं आणि आता त्यांनी अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये खाली 14416 टाकायला सुरुवात केली आहे, मागच्या महिन्यात मैत्रिणीला आलेला मेसेज मी स्वतः बघितला.